अर्ध्यावर थांबलेले हात

विशाखा,

परवाच्या शोकसभेत मी तुझ्याबद्दल खोटं काही बोलले नाही. पण जे सांगायला हवं होतं ते सोडून बाकी सगळं बोलले. प्राचार्यांनी तुझी कारकीर्द वाचून दाखवली, राज्यशास्त्र विभागात किती वर्षं, किती जणांची पीएचडी, कुठल्या कुठल्या समित्या. मग माझं नाव पुकारलं, कारण आपण दोघी एकाच वर्षी या कॉलेजात रुजू झालो हे सगळ्यांना ठाऊक. मी उभी राहिले आणि तुझ्या वक्तशीरपणाबद्दल बोलले. वक्तशीरपणा! उमरेडची एसटी जशी येईल तशी तू यायचीस. पहिली काही वर्षं तू धापा टाकत पोचेपर्यंत तुझ्या वर्गावर मीच जाऊन उभी राहायचे, पोरांना गप्प बसवत.

खाली बसल्यावर समोर तुझा फोटो दिसला. हार जरा जास्तच मोठा होता, तुझी हनुवटी झाकली गेली होती. कुणीतरी तो वर करायला हवा होता. मी केला नाही. सभा संपल्यावर थेट घरी आले आणि तेव्हापासून हे लिहायचं ठरवतेय. आज तुला जाऊन एकोणीस दिवस झाले.

तुझा विषय राजकीय मानसशास्त्र. मला आधी तो विषयच वाटायचा नाही. माणसं सत्तेपुढे मान का डोलावतात, अपमान करणाऱ्याच्याच मागे का जातात, हे कळायला संशोधन कशाला लागतं, असं मी पहिल्याच महिन्यात तुला म्हणाले होते. नवी होते, भौतिकशास्त्राचा माज होता. तू रागावली नाहीस. स्टाफरूमच्या कूलरसमोर पदर वाळवत उभी होतीस, तिथूनच तुझ्या बाबांची गोष्ट सांगितलीस.

तुझे बाबा उमरेडच्या कोळसा खाणीत कामाला. घरात त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. पेपरातल्या प्रत्येक बातमीवर त्यांचं स्वतःचं मत असायचं, आणि ते सांगता सांगता पुढ्यातलं ताट थंड व्हायचं. तुझे आजोबा छप्पन साली दीक्षा घ्यायला उमरेडहून नागपूरला चालत आलेले. तुमच्या घरात कुणी कुणापुढे मान खाली घालायची नाही, असा नियमच होता. आणि तेच बाबा तुझ्या ॲडमिशनच्या दिवशी कॉलेजच्या खिडकीपुढे उभे राहिले, आतल्या बाबूने काहीतरी विचारलं, आणि ते तीनदा फक्त "जी साहेब" म्हणाले. प्रश्न काय होता हेच त्यांना कळलं नव्हतं. कळलं नाही असंही त्यांनी सांगितलं नाही.

"माह्या बापाचा आवाज त्या खिडकीपाशी कुठं गेला, येवढंच मले शोधायचं आहे," तू म्हणालीस.

स्टाफरूममध्ये 'मले' म्हणणारी तू एकटीच. बाकीचे सगळे, अगदी काटोल-सावनेरकडचेसुद्धा, कॉलेजच्या गेटातून आत येताना 'मला' होऊन यायचे. मी नागपूरच्या महाल भागातल्या कारकुनांच्या घरातली. आमच्याकडे 'मले' म्हटलं की आई जेवताना वाढणं थांबवायची. त्यामुळे सुरुवातीला मला वाटायचं, तू हे मुद्दाम करतेस. खूप वर्षांनी कळलं की मुद्दाम तर आम्ही करत होतो.

माझं काम कागद-पेनाचं. सैद्धांतिक भौतिकशास्त्राला प्रयोगशाळा लागत नाही, पण बोलायला माणूस लागतं, आणि आपल्या कॉलेजात त्या विषयावर बोलायला कुणी नव्हतं. पदवीच्या पोरांना शिकवून उरलेल्या वेळात मी एकटी गणितं सोडवत बसायचे. दर गुरुवारी दुपारी तू माझ्या विभागात यायचीस, स्टुलावर बसायचीस आणि म्हणायचीस, सांग, कुठवर आलं. तुला त्यातलं गणित कळत नव्हतं. पण मी सांगता सांगता कुठे अडखळले की तुला बरोबर कळायचं. "इथं तुह्या आवाजात फरक पडला," म्हणायचीस. आणि चूक नेमकी तिथेच सापडायची. माझ्या पीएचडीच्या प्रबंधात मार्गदर्शकांचे आभार दीड पान आहेत आणि तुझे एक ओळ. सदर बाजारातल्या बाइंडिंगच्या दुकानात ती ओळ वाचून तू म्हणाली होतीस, पुरे झाली.

ते तीन वर्षांचं काम फुकट गेलं तेव्हाचं आठवतं तुला? मी एका गणिताचं उत्तर काढलं आणि पाठवायच्या आठवड्यात कळलं की परदेशातल्या कुणीतरी तेच उत्तर आधीच छापलंय. मी कॉलेजला येणं बंद केलं. चौथ्या दिवशी तू घरी आलीस, आईला म्हणालीस, हिला घेऊन जाते, आणि मला एसटीत बसवून उमरेडला नेलंस. तुझ्या आईने भाकरी आणि झुणका केला होता. जेवण झाल्यावर तू बाबांना सांगितलंस की हिचं काम काय होतं ते हिच्याकडून ऐका. निवृत्त खाणकामगार, आणि मी त्यांना सांगतेय की लोखंडाचा तुकडा तापवला की त्याचं चुंबकत्व कसं जातं, आणि कुठल्या क्षणी जातं. त्यांनी पाऊण तास ऐकलं. मध्ये दोनदा थांबवून विचारलं. आणि शेवटी म्हणाले, "दोघायले तेच सापडलं म्हणजे ते खरं असन ना मंग?"

मी तिथे रडले. पहिल्यांदा. तुझी आई घाबरली, तू तिला खुणेने बस म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला आले.

आता भांडणाकडे येते. त्याला भांडण म्हणावं का, हेही मला माहीत नाही, कारण आवाज कुणाचाच चढला नव्हता.

तुला एक प्रश्न सुचला होता. आपल्याकडे खेड्यातून, वस्त्यांतून, घरातली पहिलीच शिकणारी पोरं कॉलेजात येतात, फी भरतात, हजेरी लावतात, आणि तीन वर्षांत वर्गात एकही प्रश्न विचारत नाहीत. का? प्राध्यापक म्हणतात पोरं कच्ची आहेत. तू म्हणत होतीस, हे कच्चेपण नाही, ही सत्तेपुढची सवय आहे आणि ती कॉलेज शिकवतं. तू वेगवेगळ्या वर्गांत मागच्या बाकावर वही घेऊन बसायला लागलीस. कोण विचारतं, कुठल्या बाकावरून, कुणी विचारल्यावर कोण विचारतं. आणि त्या नोंदी घेऊन माझ्याकडे आलीस, कारण तुला माझी चुंबकं आठवली होती. लोखंडात प्रत्येक कण आपल्या शेजाऱ्याकडे पाहून तोंड फिरवतो. शेजारी वर तर तोही वर, शेजारी खाली तर तोही खाली. वर्गातलं गप्प बसणंही असंच पसरत असेल का, हे गणिताने पाहता येईल का? मला वेड लागलं त्या कल्पनेचं. वर्षभर गुरुवारच्या दुपारी आपण तेच केलं. तितका आनंद मला कामात पुन्हा झाला नाही.

अडलं ते तुझ्या वहीतल्या एका रकान्यावर. तू हात वर करणारे मोजले होतेस, न करणारे मोजले होतेस, आणि तिसरे मोजले होतेस ज्यांनी हात खांद्यापर्यंत नेला आणि मग केस सारखे केल्यासारखं करून खाली घेतला. मी म्हटलं, माझ्या गणितात वर आणि खाली एवढंच आहे, हे अर्धे कुठे घालू? यांना न विचारणाऱ्यांत धरू. तू नाही म्हणालीस. न विचारणारे वेगळे. यांच्याकडे प्रश्न होता. मी म्हटलं, प्रश्न होता हे तुला कसं कळलं, दिसला तो फक्त हात. तू म्हणालीस, "तोच तं माहा विषय आहे वं. तो काढला तं राहिलं काय?"

त्यावर आपण सहा महिने वाद घातला. मला अजूनही वाटतं की मोजता येत नाही ते गणितात घालू नये. तुलाही शेवटपर्यंत वाटत होतं की मी सोय पाहतेय. ते तसंच राहिलं, आणि त्याचं मला दुःख नाही. दोन विषयांतली माणसं एकत्र बसली की असं व्हायचंच. दुःख आहे ते पुढच्याचं.

पाचवा वर्ग तुला विज्ञान शाखेतला हवा होता. मीच म्हटलं, माझ्या वर्गात बस. मला खात्री होती की माझ्या वर्गात पोरं बोलतात. तू महिनाभर मागे बसलीस. मी तुला विसरूनही गेले होते.

मग एका गुरुवारी तू वही उघडी करून माझ्यासमोर ठेवलीस आणि बाहेर पाणी प्यायला गेलीस. पाचही वर्गांत सर्वांत जास्त अर्धे हात माझ्या वर्गात होते. खाली तू कारण लिहिलं होतंस. भिवापूरकडची एक मुलगी, दुसऱ्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "मॅडम, इलेक्ट्रॉन मधात काहून नाही पडत?" मला तो तास आठवत होता. उत्कृष्ट प्रश्न. अणूच्या मध्यभागी ओढ असताना इलेक्ट्रॉन आत कोसळत का नाही, याच प्रश्नाने एके काळी अख्खं शास्त्र हलवलं. मी खूश झाले होते, वीस मिनिटं फळा भरून उत्तर दिलं होतं. पण तू लिहिलं होतंस की उत्तर देण्याआधी मी वर्गाकडे वळून म्हणाले, "म्हणजे हिला असं विचारायचंय की इलेक्ट्रॉन केंद्रकात का कोसळत नाही." पुढच्या बाकांवर थोडं हसू झालं होतं. ते मला ऐकूही आलं नव्हतं. त्यानंतर महिना संपेपर्यंत त्या मुलीने विचारलं नाही, आणि तिच्या आजूबाजूच्या दोन बाकांवर कुणीच विचारलं नाही. हात मात्र खांद्यापर्यंत जात होते. असं मी महिन्यात किती वेळा केलं होतं, तेही तू तारखांसह लिहिलं होतंस. प्रश्न खेड्यातल्या बोलीत आला की मी तो धुऊन पुन्हा वर्गापुढे मांडायचे, आणि मग उत्तर द्यायचे.

तू परत आलीस. मी म्हटलं, मी मागच्यांना ऐकू जावं म्हणून परत सांगते. तू म्हणालीस, मागच्यांनीच तर विचारलेलं असतं.

मी वही मिटली. आणि म्हटलं की लेखातून माझा वर्ग काढ.

तू कारण विचारलंस. मी सांगितलं की नाव नसलं तरी भौतिकशास्त्र शिकवणारी बाई कॉलेजात एकच आहे, सगळे ओळखतील. हे खरं होतं. पण पुढे मी म्हणाले, "माझं आडनाव पाहून लोक त्यातून काय ते काढतील. आणि तुझंही पाहून." हे वाक्य मी बोलले, विशाखा. मी ते नंतर कितीतरी वेळा मनात फिरवून पाहिलंय, त्यातून चांगलं काही निघतं का. निघत नाही. इतकी वर्षं तू जे कधी आपल्यात आणलं नव्हतंस, ते मी आणलं, आणि तेही स्वतःला वाचवायला.

तू वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवलंस. मग म्हणालीस, काढते.

नियतकालिकाकडे लेख चार वर्गांवरच गेला. पाच महिन्यांनी परत आला. तू मला एवढंच सांगितलंस की त्यांनी घेतला नाही. का, हे मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. अर्ध्या हातांचं कारण दाखवणारा वर्ग त्यात नव्हताच. त्यानंतर गुरुवार चालू राहिले, चहा चालू राहिला, माझ्या आईच्या आजारपणात तू महिनाभर दवाखान्यात डबा आणलास. पण आपण एकत्र काही लिहिलं नाही. सोळा वर्षं. तू हुडकेश्वरला घर बांधलंस, त्याच्या गृहप्रवेशाच्या दिवशी सगळ्यांना ओळख करून देताना म्हणालीस, ही माझी मैत्रीण, लय हुशार आहे. मी ओशाळले, आणि तू ते पाहिलंस.

फेब्रुवारीत तुझं पोटाचं दुखणं निघालं आणि मार्चमध्ये डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं. मी रोज संध्याकाळी यायचे. रोज ठरवून यायचे की आज बोलायचं. तुझी वहिनी चहा ठेवायची, भाऊ औषधांचं सांगायचा, आणि तू मला कॉलेजच्या गमती विचारायचीस. त्या शुक्रवारी खोलीत आपण दोघीच होतो. मी सुरुवात केली, म्हटलं, विशाखा, ते सोळा वर्षांपूर्वीचं. तू हात हलवलास. म्हणालीस, त्यापेक्षा मला एक सांग, खूप दिवसांपासून विचारायचं आहे.

"काळ उलटा काहून नाही जात वं?"

आणि मी, तुझा हात हातात असताना, खुर्ची पुढे ओढून घेत म्हटलं, "म्हणजे काळाला एकच दिशा का असते, असं ना?"

शब्द तोंडातून गेले आणि मला कळलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं होतं तू दुखावशील, पण तुला हसू आलं, पोट धरून हसलीस, मग ते दुखायला लागलं म्हणून डोळे मिटलेस. "तसंच," म्हणालीस. "तसंच म्हणून राहिली होती मी." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तू डोळे न उघडताच म्हणालीस, "आता उत्तर दे. मले खरंच पाहिजे."

मी उत्तर दिलं. चहात साखर विरघळते, विरघळलेली साखर पुन्हा दाण्यांत येत नाही. यायला कुठला नियम आडवा येत नाही, पण विस्कटायच्या वाटा अगणित आणि जमून यायची एखादीच. मी सावकाश सांगत गेले, जितकं सोपं करता येईल तितकं. अर्ध्यात तुला झोप लागली. मी थांबले नाही, शेवटपर्यंत सांगितलं. बाहेर तुझ्या वहिनीने दिवा लावला तेव्हा मी निघाले. रविवारी सकाळी तुझ्या भावाचा फोन आला.

काल प्रणाली आली होती. तुझी शेवटची विद्यार्थिनी, प्रबंध अर्ध्यावर असलेली. तुझ्या कपाटातल्या वह्या तुझ्या भावाने तिला दिल्या आहेत, त्यांत पाचव्या वर्गाची वही आहे. तू ती फाडली नव्हतीस. वर 'परवानगी नाही' एवढंच लिहून ठेवलं होतंस. कोणाची, ते लिहिलं नव्हतंस. प्रणालीने तारखा आणि विषय जुळवून माझ्यापर्यंत वाट काढली. ती फार जपून बोलत होती, सारखं "मॅडम, तुमची हरकत असेल तर" म्हणत होती.

मी तिला सगळं सांगितलं. आडनावाचं वाक्यही. मग कोरा कागद घेऊन लिहून दिलं की हा वर्ग माझा आहे, नोंदी वापराव्यात, माझ्या नावासह वापरल्या तरी चालेल. तिने कागद फायलीत ठेवला, पण उठली नाही.

"मॅडम, मी तुमच्या वर्गात होते," ती म्हणाली. "बीएस्सीला. एक वर्ष. मग आर्ट्सला गेले."

मी वर्ष विचारलं. तू मला ती वही दाखवलीस त्यानंतरचं सहावं वर्ष. मला तिचा चेहरा आठवला नाही, विशाखा. मी खूप प्रयत्न केला, समोर बसलेल्या मुलीचा चेहरा दहा वर्षं मागे नेऊन बाकांवर शोधला. नाही सापडला. का सोडलंस, असं मी विचारलं. म्हणाली, तसं काही झालं नव्हतं, तुम्ही छान शिकवायच्या. एकदा एक विचारायचं होतं, ते राहिलं. मग पुढचं कळेनासं झालं. मग विशाखा मॅडमच्या वर्गात जाऊन बसायला लागले.

मी म्हटलं, आता विचार. मी आहे ना. काय विचारायचं होतं?

तिने खरोखर आठवून पाहिलं. खिडकीकडे बघत बसली, ओठ हलले, एकदा सांगेल असंही वाटलं. मग तिने मान हलवली.

"आता नाही आठवत, मॅडम."

तुझं बरोबर होतं. तिच्याकडे प्रश्न होता, आणि तो मला कधीच कळणार नाही. तुझं बरोबर आहे, एवढंच मी तुला त्या गुरुवारी म्हणायला हवं होतं. वही समोर उघडी होती, तू पाणी पिऊन आली होतीस, दारात उभी राहून माझ्या बोलण्याची वाट पाहत होतीस.